वाचकांचे प्रश्न : पडवी काचेने बंद करण्याआधी ती कशासाठी होती ते बघा

पाऊस परतीला लागला की जुन्या इमारतींची पत्रं यायला लागतात, कारण कोकणात बांधकामाचा मोसम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मेअखेर संपतो, तेवढ्यात सगळं उरकायचं असतं. यावेळी गावाच्या सामायिक इमारतींबद्दलचीच पत्रं घेतलीयत. पहिलं उत्तर लांबलंय, पण त्यात विचारलेलं सगळीकडेच घडतंय.

प्रश्न : ताई, आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्रापासून दोन-अडीच किलोमीटर आत, टेकडीच्या उतारावर. गावात जुनी मराठी शाळा आहे, जांभ्याच्या चिऱ्याची, शंभरच्या वर वर्षं झालेली. शाळा नवीन स्लॅबच्या बिल्डिंगमध्ये गेली आणि ही तशीच पडून होती, आता ग्रामपंचायतीने आणि आमच्या वाचनालयाने मिळून ती जिल्हा परिषदेकडून मागून घेतलीय. वाचनालय, पोरांसाठी अभ्यासिका, बचतगटाच्या मीटिंगा, कधीमधी व्याख्यान असं करायचंय. प्रॉब्लेम असा की तिच्यावर आधीच बरेच हात फिरलेत. बाहेरून सिमेंटचं प्लास्टर, आत टाइल्स, पुढची पडवी अर्धी विटांनी बंद करून स्टोअर रूम केलेली आणि निसर्ग वादळात कौलं उडाली तेव्हा टाकलेले पत्रे अजून तसेच. खिडक्या खूप खाली आहेत, दीड फुटावर. जोतं अडीच फूट, मधल्या खोलीवर लाकडी माळा. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो प्लास्टर फोडून चिरा ओपन करू, त्याला पॉलिश मारू, रिसॉर्टसारखं दिसेल, उरलेली पडवी काचेने बंद करून एसी लावू. काहीजण म्हणतात पाडाच. मूळ काय होतं ते सांगणारं कोणी उरलं नाही. काय करावं?
— वाचनालय कमिटीतला एक सभासद, दापोली तालुका

उत्तर : दादा, आधी पाडायचं म्हणणाऱ्यांना एकच विचारा, किनाऱ्यालगतच्या स्लॅबच्या घरांत पंचवीस-तीस वर्षांत गज उघडे पडलेले आपण रोज बघतो की नाही? खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं आणि फुगलं की काँक्रीट फोडून बाहेर येतं. तुमच्या शाळेच्या भिंतीत लोखंडच नाहीये, त्यामुळे ती शंभर वर्षं उभी आहे. स्ट्रक्चरल ऑडिट मात्र करून घ्याच, एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजकडून किंवा जाणत्या इंजिनिअरकडून, आणि त्याला आधीच सांगा की इमारत ठेवायचीय, काय दुरुस्त करायचं ते सांगा. नाहीतर छापील रिपोर्ट येतो, 'धोकादायक', आणि मग तो कागदच सगळ्यांना पुरतो.

आता मूळ काय होतं हे कसं कळणार. तुम्ही लिहिलंय सांगणारं कोणी उरलं नाही, पण माणसं सोडून बाकी बरंच उरलेलं असतं. प्रत्येक जुन्या शाळेचा एक ग्रुप फोटो असतो, मास्तर खुर्चीत, पोरं पायरीवर आणि मागे पडवी. तो फोटो शाळेत नसेल पण मुंबईला गेलेल्या कुणाच्यातरी घरी ट्रंकेत नक्की असेल, चाकरमान्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागून बघा. त्या एका फोटोत खांब किती, कठडा होता का, भिंत गिलाव्याची की उघडी, पागोळी कुठे पडायची, सगळं दिसतं. मग पत्र्याखालचे वासे आणि रिपा, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या, बघा. रिपा जुन्याच असतील आणि १२-१३ इंचांवर असतील तर वर मंगलोरी कौलंच होती, नळीच्या कौलांना रिपा त्याहून दाट लागतात. स्टोअर रूमच्या विटांच्या भिंतीत पडवीचे जुने खांब चिणलेले सापडतील, असे मी बऱ्याच ठिकाणी अख्खेच्या अख्खे बघितलेत. भिंतीवर तळहाताएवढी जागा ब्लेडने हळूहळू खरवडा, आतल्या बाजूला, दाराच्या मागे, जिथे नंतरचे हात कमी फिरतात. ऑइलपेंटखाली डिस्टेंपर, त्याखाली निळीची सफेदी असे थर एकेक करून दिसतील. जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात जुन्या दुरुस्तीची बिलं, शाळेच्या दप्तरात तपासणीचे शेरे, त्यात "पश्चिमेकडील पन्हळ फुटली आहे" असं एखादं वाक्य सापडलं तरी ते सोन्यासारखं. आणि हे सगळं होईपर्यंत कुणालाही छिन्नी लावू देऊ नका, नुसते फोटो काढा आणि मापं घ्या.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, 'मूळ' म्हणजे सगळ्यात पहिलं असं नाही. मंगलोरी कौलांचे कारखाने १८६० च्या दशकात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला सुरू केले आणि तिथून ती कौलं गलबतांनी सगळ्या किनाऱ्यावर पसरली. त्याआधी आपल्याकडे गवत नाहीतर नळीची कौलं असायची. समजा तुमच्या शाळेवर आधी नळे होते आणि मागून मंगलोरी आली, तर आता नळ्यांकडे परत जायची गरज नाही, मंगलोरी कौलं हाही तिचा इतिहासच आहे. ज्याचा पुरावा आहे ते परत करा आणि जिथे पुरावा संपतो तिथे थांबा, साधं करा. जुन्या वास्तू कशा जपायच्या यावरच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतसुद्धा हेच लिहिलंय की अंदाज सुरू झाला की जीर्णोद्धार थांबवायचा. म्हणजे फोटोत साधे चौकोनी खांब असतील तर कुठल्यातरी वाड्याचे नक्षीदार खांब आणून लावू नका, ती शाळा होती, वाडा नव्हता.

आता पडवी. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली ओळ ही काचेची. आपल्याकडे पाऊस सरळ पडत नाही, पश्चिमेकडून, नैऋत्येकडून तिरका झोडपतो, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास, आणि पडवी ही त्या पावसाची आणि खऱ्या भिंतीची मधली जागा. पाऊस पडवीत शिरतो, कठडा भिजतो, तिथेच संपतो आणि आतली भिंत कोरडी राहते. उन्हाळ्यात तीच पडवी भिंतीवर ऊन येऊ देत नाही म्हणून आत दुपारी पंख्यावर भागतं. काच लावली की पश्चिमेचं ऊन आत कोंडणार, मग एसी लागणार, एसीसाठी खिडक्या बंद, खिडक्या बंद म्हणून आत बुरशी आणि पुस्तकांना बुरशीचा वास. एकातून एक. त्यापेक्षा विटांची स्टोअर रूम काढा, पडवी मोकळी करा आणि तिथे पेपर वाचायची बाकं टाका. गावातली वयस्कर मंडळी आतल्या हॉलमध्ये येऊन बसायला लाजतात, पडवीत मात्र चपला काढायच्या आत टेकतात! पावसाळ्यात झडीच्या बाजूला पूर्वी माडाच्या झावळ्यांची झापं बांधायचे, आता बांबूच्या चटया किंवा जाड कॅनव्हासच्या गुंडाळता येणाऱ्या कनाती लावा, ऑक्टोबरात काढून ठेवा.

प्लास्टरचं जरा सविस्तर सांगते कारण इथेच सगळे फसतात. जांभा सच्छिद्र दगड आहे, खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होतो, पण भोकं राहतातच. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि नंतर सावकाश सोडतो. वर चुन्याचा गिलावा असेल तर ओल त्यातून निघून जाते. सिमेंटचा थर दिला की ओलीला बाहेर यायला वाट राहत नाही, ती आतल्या बाजूने येते किंवा भिंतीत वर चढते, सोबत मीठ घेऊन येते आणि ते मीठ सुकताना दगडाचा पापुद्रा सोडवतं. तुमच्या भिंतींना आतून पांढरी फुलं येत असतील, रंगाचे फोड येत असतील तर कारण हेच. माझ्या आजोळच्या घरात माजघराची एक भिंत अशीच दर दोन वर्षांनी रंगवायचे आणि दर दोन वर्षांनी सोलपटायची, मामा रंगाच्या कंपन्या बदलत राहिला, शेवटी बाहेरचं सिमेंट काढलं तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात ती आपोआप सुकली.

म्हणून प्लास्टर काढायचं हे कॉन्ट्रॅक्टरचं बरोबर आहे, पण ब्रेकर मशीन लावून नाही. हातोडी-छिन्नीने, आधी एका कोपऱ्यात चार चौरस फूट काढून बघा. सुटत असेल तर खालच्या तीन फुटांपासून सुरुवात करा, ओल तिथेच जास्त. कुठे सिमेंट इतकं घट्ट धरलं असेल की चिऱ्याचं तोंडच सोबत निघतंय तर तेवढं राहू द्या, दगड गेला तर परत येणार नाही. मग एक पूर्ण उन्हाळा भिंत सुकू दे, जमलं तर.

आणि पॉलिश नको. ते चकचकीत कोटिंग म्हणजे पुन्हा भोकं बंद, फक्त सिमेंटऐवजी प्लॅस्टिकने. शिवाय आधी हे बघा की भिंत मुळात उघडी होती की गिलाव्याची. चिरे घासून गुळगुळीत, सांधे बारीक असतील तर उघडी ठेवायलाच बांधली होती. चिरे ओबडधोबड आणि सांधे अंगठ्याएवढे असतील तर तिच्यावर गिलावा होता, आणि तो अंगावरच्या कपड्यासारखा होता, पावसापासून वाचवायला. आजकाल प्रत्येक होमस्टेत लाल चिरा उघडा दिसतो म्हणून आपल्याला वाटतं तेच कोकणी. ओबडधोबड चिऱ्याची भिंत उघडी ठेवली तर पाच-सात पावसांत सांधे धुऊन जातात.

छपराला सगळ्यात आधी पैसे ठेवा, बाकी सगळं पुढच्या वर्षी गेलं तरी चालेल. पत्रा नको असं मी म्हणते त्याचं तुमच्यापुरतं मोठं कारण म्हणजे आवाज, जुलैमध्ये पत्र्याखाली बसून कुणी वाचून दाखवावं! अभ्यासिका चार महिने बंदच ठेवावी लागेल. मंगलोरी कौलं चौरस मीटरला १५-१६ लागतात, जुनी घरं पाडतात तिथे धड कौलं मिळतात, बोटाने वाजवून घ्यायची, खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर तडा आहे. वाळवी लागलेले वासे तेवढेच बदला, सरसकट नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आपण जे बघितलं त्यानंतर कौलं नुसती ठेवून भागणार नाही, कडेच्या दोन-तीन ओळी आणि आढ्याजवळची कौलं तांब्याच्या तारेने रिपांना बांधून घ्या, वारा कडेनेच शिरतो आणि वासे पाटईला, म्हणजे भिंतीवरच्या आडव्या लाकडाला, नीट जखडलेत का तेही तेव्हाच बघा. अंधाऱ्या खोल्यांवर चार-सहा काचेची कौलं टाका, ही आपलीच जुनी युक्ती आहे. आणि दरवर्षी मे महिन्यात कौलं परतायला माणूस आणि पैसा कमिटीच्या बजेटमध्ये आत्ताच लिहून ठेवा.

खिडक्या खाली आहेत म्हणून वर घेऊ नका हं! पोरं जमिनीवर बसायची, त्यांच्या डोक्याच्या उंचीला वारा आणि उजेड यावा म्हणून त्या दीड फुटावर आहेत. तिथे बालविभाग करा, सतरंजी आणि बसकी डेस्कं, तीच खिडकी परत त्याच कामाला येईल.

जमिनीचं माझं मत थोडं वेगळं आहे. मूळ जमीन शेणाची असेल, पण रोज पन्नास माणसं येणार तिथे सारवण कोण करणार, ती परत आणायचा हट्ट धरू नका. टाइल्स मात्र काढा, त्याखालची ओल भिंतीत जाते. शहाबादी फरशी घाला, सांधे चुन्यात भरा.

पुस्तकांचं वजन लोकांच्या लक्षातच येत नाही. घराचा मजला साधारण चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन करतात आणि पुस्तकांची कपाटं असतील तर किमान ६०० किलो धरावे लागतात. म्हणजे तिप्पट. त्यामुळे माळ्यावर एकही कपाट नको, तिथे फोटो वगैरे हलकंच ठेवा. तुम्ही टेकडीवर आहात म्हणून कपाटं खाली चालतील. नदी-खाडीकाठच्या गावांनी मात्र हे जसंच्या तसं उचलू नये, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं, त्यातली पुस्तकं २२ जुलै २०२१ च्या पुरात कशी गेली ते सगळ्यांनी बघितलंय.

रॅम्पबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण सार्वजनिक जागा म्हटली की तो हवाच, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही आणि माणुसकीनेही. उतार एकास बारा, म्हणजे अडीच फूट जोत्याला तीस फूट रॅम्प. समोर केलात तर दर्शनी बाजूच झाकून जाईल. पण तुमची शाळा उतारावर आहे, मागची जमीन वर असणार, मागच्या दाराशी जोतं फूटभरच असेल तर बारा फुटात काम होतं आणि ते दार सगळ्यांसाठीच उघडं ठेवा. टॉयलेट इमारतीच्या आत घालू नका, पाठीमागे वेगळं बांधा आणि छपराखालून तिथपर्यंत जाता येईल असं करा. वायरिंगला भिंतीत घिशी मारू नका, म्हणजे खाचा पाडू नका, लाकडी पट्टीवरून किंवा पाइपातून बाहेरून न्या, दिसली तर दिसली.

कागदांचं थोडक्यात: जागा जिल्हा परिषदेचीच राहणार, त्यामुळे भाडेकरार लेखी आणि लांब मुदतीचा घ्या, नाहीतर तुम्ही नीट केलेली इमारत पाच वर्षांनी भलत्याच कामाला जायची. जवळपास केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, जुन्याची दुरुस्ती असली तरी आधी विचारा.

प्रश्न : चुन्यात काम करायचं म्हटलं तर आमच्याकडे कुणी गवंडी तयार होत नाही, म्हणतात वेळ जातो आणि धरत नाही. धर्मशाळेची डागडुजी करून तिथे जत्रेच्या दिवसांत प्राथमिक उपचार केंद्र आणि एरवी महिलांचं शिवणवर्ग असं चालवायचंय. तयार पुट्टी वापरली तर चालेल का? ती पण पांढरीच असते.
— एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : नाही चालणार ताई. बाजारातली बहुतेक पुट्टी पांढऱ्या सिमेंटची किंवा ॲक्रिलिकची असते, रंग सारखा म्हणून काम सारखं होत नाही. 'धरत नाही' हे गवंडी खोटं बोलत नाहीयेत, घाईत केलेला चुना खरंच धरत नाही.

तुम्ही तर किनाऱ्यावर आहात, आपल्याकडे चुना दगडाचा कमी आणि शिंपल्यांचा जास्त होता. शिंपले भट्टीत साधारण ९०० अंशांवर भाजायचे, त्यातला वायू निघून जातो आणि कळीचा चुना राहतो, तो पाण्यात टाकला की उकळतो आणि विरतो. नंतर भिंतीवर गेला की हवेतला तोच वायू परत घेऊन पुन्हा दगड बनतो, म्हणजे शिंपला फिरून शिंपलाच होतो. मला हे शिकवताना दरवेळी तेवढंच नवल वाटतं. पण या परत दगड होण्याला वेळ लागतो, आठवडे आणि महिने लागतात, आणि मुख्य म्हणजे ओलावा थोडा लागतो, फार नको आणि अजिबात नाही असंही नको.

म्हणून असं करा. विरवलेला चुना पिंपात पाण्याखाली निदान महिनाभर ठेवा, जितका जुना तितका लोण्यासारखा होतो. विरवताना डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे पाहिजेतच, आणि आसपास पोरं नकोत, कळीचा चुना भाजतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. मिश्रण साधारण एकास तीन, वाळू नदीची, समुद्राची अजिबात नाही आणि खाडीची असेल तर गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुतलेली, नाहीतर मीठ तुम्ही स्वतःच भिंतीत भरताय. वाळूतला काही भाग काढून त्याऐवजी सुरखी, म्हणजे भाजक्या विटेची पूड घाला, आपल्या दमट हवेत तिने चुना लवकर धरतो. गूळ, बेलफळ, हिरडा यांचं पाणी जुने लोक घालायचे, तुमच्या भागात कुणी म्हातारं सांगत असेल तर त्याच्या प्रमाणाने छोट्या तुकड्यावर करून बघा, पुस्तकातलं प्रमाण सरसकट मारू नका. एक थर अर्ध्या इंचाच्या आतच, तो घट्ट झाला की दुसरा, आणि आठ-दहा दिवस ओलं गोणपाट लावून ठेवा. सुरुवात दिवाळीनंतर, शेवटचा हात मार्चपर्यंत, म्हणजे जूनच्या आत त्याला जीव येईल.

गवंड्याचं म्हणाल तर तरुण गवंड्याला आधी विहिरीच्या कठड्यावर नाहीतर मागच्या भिंतीवर एक चौकोन करू द्या, रोजावर, उक्तं, म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम ठरवून, नको. उक्त्या कामात वेळ म्हणजे त्याचा तोटा, मग तो सिमेंट मिसळणारच. पहिला चौकोन पावसाळाभर टिकला की पुढच्या वर्षी तोच तुम्हाला शिकवेल. उपचार केंद्राच्या खोलीत धुता येणारी भिंत लागेल, तिथे खालचे चार फूट भिंतीपासून सुटी, मागे फटीतून हवा खेळेल अशी पॅनेलं लावा, भिंतीला टाइल चिकटवू नका.

प्रश्न : आमच्या ग्रामदेवतेच्या देवळाच्या लाकडी सभामंडपातले तीन खांब बुडातून कुजलेत. देवस्थान कमिटीचं म्हणणं मंडप काढून आरसीसीचा मोठा बांधायचा, मार्बल घालायचं, मुंबईकर मंडळींनी वर्गणीही दिलीय. मला ते पटत नाही पण कमिटीत मी एकटाच. दशावताराला गर्दी मावत नाही हे मात्र खरं आहे.
— एक गावकरी, सावंतवाडी तालुका

उत्तर : तुम्ही एकटे आहात हे वाचून वाईट वाटलं, पण मुद्दे तुमच्या बाजूचे आहेत, ते शांतपणे मांडा.

खांब वरून नाही, बुडातून कुजलेत. असं का, ते आधी कमिटीला दाखवा. जुना लाकडी खांब कधीच जमिनीत पुरत नाहीत, तो दगडी तळखड्यावर उभा असतो, तळखडा फरशीच्या वर, म्हणजे धुतलेलं पाणी लाकडापर्यंत पोचतच नाही. कधीतरी जुन्या जमिनीवर टाइल्स घातल्या असणार, त्यावर परत दुसरी फरशी, जमीन चार-पाच इंच वर आली आणि तळखडा खाली गडप झाला. आता रोज मंडप धुतला की पाणी थेट लाकडात. एका खांबाभोवती दोन फुटाचा चौकोन खणून बघा, मला वाटतं तळखडा सापडेल. तो सापडला की अर्धी लढाई तिथेच झाली, कारण मार्बल घातलं तर बाकीचे खांबही याच वाटेने जाणार हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल.

दुरुस्ती अशी की वरचं छप्पर जॅकवर तोलून धरायचं, खांबाचा कुजका भाग, समजा दीड-दोन फूट, चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचा आणि तेवढाच नवा तुकडा त्याच जातीच्या लाकडाचा जोडायचा. दोन्ही तुकड्यांना पायरीसारखी खाच पाडून एकमेकांत बसवतात आणि आरपार लाकडी खुंट्या ठोकतात, लोखंडी नको. लाकूड वाळलेलं हवं, हिरवं लावलंत तर आटून सांधा सुटतो, त्यासाठी जुन्या घराच्या तुळया विकत मिळतात त्या बघा. नवीन झाड तोडायचं तर वनखात्याची परवानगी लागते. खालच्या बाजूला काजूच्या टरफलाचं तेल द्या, होड्यांना देतात तेच, वाळवी जवळ येत नाही. नवा तुकडा वेगळ्या रंगाचा दिसेल, दिसू दे, त्याला पॉलिश मारून जुना भासवू नका. नक्षी वरच्या भागात असेल तर ती आपोआप वाचतेच. मग सगळ्या मंडपाची जमीन जुन्या पातळीवर खाली घ्या.

गर्दीचं. दशावतार, जत्रा, शिमगा धरून वर्षात किती रात्री मंडप कमी पडतो ते मोजा, पाच-सहाच्या वर जाणार नाहीत. त्या रात्रींसाठी अंगणात मांडव घाला, देवळासमोरची जागा पक्की करून खांबांसाठी कायमची भोकं ठेवा म्हणजे तासाभरात मांडव उभा राहील, वर्गणी तिथे लागू दे, दात्यांची नावंही तिथल्या दगडी कट्ट्यावर कोरा. दशावतारी कलाकारांना रंगायला खोली, बायकांना टॉयलेट, माणसांना प्यायचं पाणी हे कुठल्याच देवळात धड नसतं, त्याला पैसे घाला, लोक दुवा देतील. आणि एक सांगते, लाकडी मंडपात पेटीचा आणि मृदंगाचा आवाज जसा बसतो तसा मार्बल आणि स्लॅबमध्ये बसत नाही, घुमतो. हे कमिटीला न सांगता एखाद्या जुन्या दशावतारी कलाकाराच्या तोंडून सांगवा.

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेच्या जुन्या कचेरीचं काहीतरी करायचं चाललंय. आम्हा पाच-सहा जणांना आधी चांगली कामं बघून यायचंय, कोकणातच कुठे जाऊ?
— एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : रत्नागिरीला दोन दिवस ठेवा. थिबा राजवाडा १९१० साली ब्रह्मदेशाच्या बंदी राजासाठी बांधला, राजा १९१६ मध्ये गेला, पुढे तो सरकारी कामांना वापरला आणि आता तिथे म्युझियम आहे. लाकूड, खिडक्या आणि वारा कसा खेळवलाय ते बघा. टिळकांचं जन्मघर तिथेच, कोकणी घर म्युझियम म्हणून कसं चालवतात ते कळेल, पडवीत थोडं बसा. शहरातलं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, तिथल्या लोकांशी पुस्तकांची ओल, वाळवी यावर बोला, त्यांना माहीत असणार.

सावंतवाडीला राजवाड्यात लाखेचं काम आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, करणारे कारागीर बसतात, इमारतीत काम चालू असलं की ती कशी जिवंत राहते ते तिथे दिसतं. परत येताना अलिबाग वाटेवरच आहे, तिथली चुंबकीय वेधशाळा बाहेरून तरी बघा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये कुलाब्याहून इकडे आणली आणि लोखंड टाळून बांधली, कारण लोखंड असलं तर मापंच चुकली असती. ती आजही त्याच कामाला आहे. मुंबईला गेलातच तर भायखळा स्टेशनवर उतरा, जुनी इमारत नीट केलीय, २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि माणसं रोज तिथूनच चढतात-उतरतात.

जाताना टेप, वही आणि तुमच्या कचेरीचे फोटो बरोबर घ्या. परत आलात की कचेरीचा नकाशा आणि चारी बाजूंचे फोटो मला पाठवा, पुढच्या अंकात त्यावरच बोलू.